द्रवस्फटिकाचं उठणं-बसणं मोजताना

दोन काचांच्या फटीत नेमॅटिक द्रवस्फटिकाचा (ज्याचे लांबट रेणू द्रवासारखे वाहतानाही साधारण एकाच दिशेला रोखलेले असतात) पातळ थर धरला आणि काचांना काही व्होल्ट दिले, की आडवे पहुडलेले रेणू उभे राहतात. व्होल्टेज काढलं की पुन्हा आडवे होतात. काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमधून पाहिलं तर हे उठणं-बसणं उजेड-अंधार होऊन दिसतं. मोजायचं एवढंच असतं: किती व्होल्टला रेणू हलायला लागतात, किती वेळात उठतात आणि किती वेळात बसतात.

काम एका दुपारचं वाटतं, आणि आकडे खरोखर दुपारीच हाती येतात. पण पहिल्यांदा मोजणाऱ्याच्या वहीतले बरेचसे आकडे द्रवस्फटिकाचे नसतातच. काही फंक्शन जनरेटरचे (हव्या त्या तरंगाचं व्होल्टेज देणाऱ्या यंत्राचे) असतात, काही केबलचे, काही फोटोडायोडचे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा एकच आग्रह असतो: ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असा नमुना पहिला घ्या. त्यावर आपलं यंत्र तपासा, आणि मग आपल्या आवडीच्या, नव्या, अनोळखी पदार्थाकडे वळा.

असा नमुना म्हणजे ५सीबी. १९७३ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांच्या गटाने हे सायनोबायफिनाइल जगासमोर आणलं. सुमारे २३ ते ३५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते नेमॅटिक असतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला वापरता येतं. त्याचे गुणधर्म इतक्यांदा मोजले गेलेत की तुमचा आकडा चुकला तर दोष पदार्थावर ढकलायची सोय उरत नाही.

आधी कागद-पेन्सिल

यंत्राला हात लावण्याआधी अपेक्षित उत्तरं काढून ठेवा. २५ अंशांच्या आसपास ५सीबीचा स्प्ले स्थिरांक (रेणूंची रांग पंख्यासारखी पसरवताना होणाऱ्या विरोधाचं माप) सुमारे ६.४ पीकोन्यूटन, डायइलेक्ट्रिक फरक (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेतल्या सापेक्ष परमिटिव्हिटींमधला) सुमारे ११.५, रेणू फिरतानाची श्यानता सुमारे ०.०८ पास्कल-सेकंद आणि लाल प्रकाशासाठी दुहेरी अपवर्तन (दोन ध्रुवीकरणांच्या अपवर्तनांकांतला फरक) सुमारे ०.१८ धरायला हरकत नाही. सेल, म्हणजे दोन काचांची ही फट, ५ मायक्रॉन जाडीचा आहे असं समजू.

उंबरठा व्होल्टेज, म्हणजे जिथे रेणू हलायला लागतात ते व्होल्टेज: स्प्ले स्थिरांकाला डायइलेक्ट्रिक फरक आणि निर्वाताची परमिटिव्हिटी यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा, पायने गुणा. उत्तर ०.८ व्होल्टच्या जवळ येतं. रशियन भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक्स यांच्या नावाने ओळखलं जातं ते हेच संक्रमण. या सूत्रात जाडी कुठेच नाही, हे लक्षात ठेवा. शेवटी ते कामाला येणार आहे.

बसण्याचा काळ: श्यानता गुणिले जाडीचा वर्ग, भागिले स्प्ले स्थिरांक गुणिले पायचा वर्ग. ५ मायक्रॉनला ३२ मिलिसेकंद. उठण्याचा काळ काढायला याच आकड्याला ‘व्होल्टेज भागिले उंबरठा, त्याचा वर्ग, वजा एक’ याने भागायचं. ४ व्होल्ट दिले तर उंबरठ्याच्या पाचपट झाले. पंचवीस वजा एक म्हणजे चोवीस. ३२ ला २४ ने भागून १.३ मिलिसेकंद. उठताना आपण विजेने ढकलतो, बसताना रेणूंना फक्त स्वतःच्या लवचीकतेचा आधार असतो. म्हणून उठणं झटपट आणि बसणं रेंगाळत.

प्रकाशाचं गणितही करून टाका. ५ मायक्रॉन गुणिले ०.१८ म्हणजे ०.९ मायक्रॉन. त्याला ०.६३३ मायक्रॉन या तरंगलांबीने भागलं की १.४. म्हणजे व्होल्टेज नसताना दोन ध्रुवीकरणांमध्ये सुमारे १.४ तरंगलांब्यांचा फरक पडतो. हा १.४ पुढे आलेखात डोळ्यांनी दिसणार आहे.

सेल

पहिला सेल तयार विकत घ्या. काचेवर पॉलिइमाइड पसरणं, भाजणं, मखमलीने घासणं, स्पेसर टाकून चिकटवणं हे सगळं शिकण्यासारखं आहे, पण मोजमाप शिकण्याच्या आठवड्यात नको. आयटीओचा पारदर्शक वाहक थर असलेला, ‘अँटिपॅरलल’ म्हणजे दोन काचांवरच्या घासण्याच्या दिशा एकमेकींच्या उलट असलेला, ५ मायक्रॉनचा प्लेनर (रेणू काचेला समांतर आडवे ठेवणारा) सेल मागा.

मागितलेली जाडी आणि मिळालेली जाडी यांत फरक असतो, आणि काळ जाडीच्या वर्गावर अवलंबून आहे. जाडीत दहा टक्के चूक म्हणजे काळात वीस टक्के. त्यामुळे भरण्याआधी रिकाम्या सेलची जाडी मोजाच. पांढरा प्रकाश सरळ आरपार सोडून स्पेक्ट्रोमीटरवर पाहिलं की काचांमधल्या हवेच्या फटीमुळे लाटा दिसतात. समजा एक शिखर ५०० नॅनोमीटरला आहे आणि तिथून पुढे मोजत चौथं ६२५ ला. मग जाडी म्हणजे चार गुणिले ५०० गुणिले ६२५, भागिले दोन गुणिले १२५: बरोबर ५००० नॅनोमीटर. भरल्यावर या लाटा फिक्या पडतात, म्हणून हे काम आत्ताच उरकायचं. जिथे लेझरचा ठिपका पडणार आहे तिथेच मोजा. सेलच्या कडेला आणि मध्यावर जाडी वेगळी असू शकते.

आयटीओची बाजू कुठली हे मल्टिमीटरने कळतं. दोन्ही टोकं काचेवर टेकवा. वाहक बाजूला काही दहा ते काही शे ओम दिसतात, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तारा जोडायला इंडियमचा डाग किंवा चांदीची पेस्ट बरी. मगरचिमटा थेट लावला तर थर खरवडला जातो आणि संपर्क कधी लागतो, कधी सुटतो. असा अधूनमधून सुटणारा संपर्क हा प्रयोगशाळेतला सगळ्यात वेळखाऊ आजार आहे.

भरताना सेल ४० अंशांच्या वर गरम करा, कडेला एक थेंब ठेवा. केशाकर्षणाने तो आपोआप आत ओढला जातो. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर आत वाहण्याच्या दिशेच्या खुणा राहतात, म्हणून साध्या द्रवाच्या अवस्थेत भरायचं. मग मिनिटाला अंशभर अशा सावकाश गतीने ३५ च्या खाली आणायचं. हातमोजे घाला.

भरल्यावर सेल पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली ठेवून गोल फिरवा. पूर्ण फेरीत चार वेळा सगळं क्षेत्र एकदम काळं व्हायला हवं. काळं होताना मध्येच तेजस्वी दोरे किंवा ठिपके राहिले तर तो भाग टाळा. क्षेत्र काळंच होत नसेल तर सेल बाजूला ठेवा. त्यावर मोजण्यात अर्थ नाही.

प्रकाशाची वाट

मिलिवॅटभर शक्तीचा हीलियम-निऑन लेझर पुरतो. चालू केल्यावर वीसेक मिनिटं त्याला स्थिर होऊ द्या. किरण किंवा त्याचं प्रतिबिंब डोळ्यांच्या पातळीला येणार नाही अशी मांडणी करा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा.

क्रम असा. सेल न ठेवता दोन पोलरायझर काटकोनात आणा, म्हणजे डिटेक्टरवर कमीत कमी प्रकाश येईल असे. मग सेल मध्ये ठेवा आणि फक्त सेल फिरवा, पुन्हा अंधार होईपर्यंत. आता रेणूंची दिशा एका पोलरायझरच्या बरोबर समांतर आहे. तिथून सेल ४५ अंश फिरवून घट्ट करा. दोन पायऱ्या एकत्र करण्याचा मोह होतो, सगळंच एकदम फिरवून ‘छान उजेड’ शोधायचा; त्यातून जे जुळतं ते ४५ अंश असतंच असं नाही.

सेल किंचित तिरका ठेवा, अगदी एखाद्या अंशाने. काचेवरून परतलेला किरण लेझरच्या तोंडात गेला तर लेझर अस्थिर होतो, आणि ती थरथर तुम्ही द्रवस्फटिकाच्या नावावर लिहून मोकळे होता.

मग तीन पातळ्या नोंदवा: किरण अडवून येणारा आकडा, पोलरायझर काटकोनात असताना सेलशिवाय येणारा आकडा, आणि समांतर असताना सेलशिवाय येणारा आकडा. पहिला सगळ्यांतून वजा करायचा. खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश विजेच्या दुप्पट वारंवारतेने लुकलुकतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झने. तो डिटेक्टरमध्ये शिरला तर बसण्याच्या आलेखावर सुबक लाटा येतात. दिवे बंद करा, किंवा डिटेक्टरसमोर काळी नळी लावा.

व्होल्टेज: इथे थांबून वाचा

द्रवस्फटिकाला डीसी देऊ नका. आतल्या अशुद्धींचे आयन काचांकडे सरकतात, रेणूंना मिळणारं क्षेत्र कमी करतात, आणि फार वेळ चाललं तर पदार्थ रासायनिकदृष्ट्या बिघडतो. म्हणून १ किलोहर्ट्झचा एसी. नेमॅटिकला व्होल्टेजच्या चिन्हाशी देणंघेणं नसतं, त्याला वर्ग कळतो. साइन तरंग सेकंदात दोन हजार वेळा शून्यातून जातो. चौकोनी तरंगाचा वर्ग मात्र सतत तेवढाच राहतो, कारण उलट झाला तरी आकडा तोच. त्यामुळे चौकोनी तरंगात रेणूंवर प्रत्येक क्षणी सारखाच जोर असतो. उठण्याचा काळ मिलिसेकंदाच्या आत जातो तेव्हा हा फरक ठळक होतो.

आता जनरेटरवर दिसणारा आकडा. १० व्होल्ट शिखर-ते-शिखर म्हणजे चौकोनी तरंगासाठी ५ व्होल्ट आरएमएस (व्होल्टेजच्या वर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ), साइनसाठी ३.५४. सूत्रांमध्ये आरएमएस बसतो. आणि याहून मोठा घोळ: बरेच जनरेटर असं गृहीत धरतात की पुढे ५० ओमचा भार जोडला आहे, आणि त्या हिशेबाने आकडा दाखवतात. सेलचा रोध त्यापेक्षा प्रचंड मोठा असतो, त्यामुळे टोकांवर प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज पोचतं. माझ्या पहिल्या वहीत ५सीबीचा उंबरठा ०.४ व्होल्ट असा लाल पेनने अधोरेखित केलेला आहे. आठवडाभर मी त्याची कारणं शोधत होतो, पृष्ठभाग, अशुद्धी, तापमान. कारण जनरेटरच्या मेनूमध्ये तिसऱ्या पानावर होतं. तेव्हापासून नियम: जनरेटरच्या पडद्यावरचा आकडा वहीत उतरवायचा नाही. सेलच्या टोकांवर ऑसिलोस्कोप लावून तिथे दिसेल तो लिहायचा.

स्विचिंगसाठी हाच १ किलोहर्ट्झचा तरंग झुबक्यांनी द्यायचा: अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. झुबक्यात पूर्ण आवर्तनं मावतील असं ठेवा, नाहीतर दर झुबक्याला थोडा डीसी शिल्लक राहतो.

‘बंद’ म्हणजे शून्य व्होल्ट, तार तोडणं नव्हे. सेल हा मुळात कपॅसिटर आहे. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि ५ मायक्रॉन फट असेल तर रेणू उभे असताना त्याची क्षमता ३ नॅनोफॅरडच्या आसपास भरते. स्विचने तार तोडली आणि सेलवर फक्त १० मेगाओमचा प्रोब उरला, तर साठलेला भार उतरायला ३ नॅनोफॅरड गुणिले १० मेगाओम, म्हणजे ३० मिलिसेकंद लागतात. बसण्याचा काळ किती होता? ३२. दोन आकडे इतके जवळ की आलेख पाहून शंकासुद्धा येत नाही, फक्त उत्तर वाढतं. जनरेटरच बंद काळात शून्यावर धरून ठेवत असेल, तर त्याच्या ५० ओममधून भार लगेच उतरतो.

छुपा डीसी ओळखायची एक युक्ती. वारंवारता २० हर्ट्झवर आणा, साइन तरंग निवडा, ३ व्होल्ट द्या. रेणूंना वर्ग कळतो, त्यामुळे प्रकाश ४० हर्ट्झने डुलेल आणि लागोपाठचे दोन उंचवटे सारखे दिसतील. एक मोठा, एक लहान असं आलटून-पालटून दिसलं तर कुठेतरी डीसी आहे. कुठे, हे सेलच्या दोन तारा उलट करून कळतं. मोठा उंचवटा जनरेटरच्या तरंगाच्या त्याच अर्ध्यावर राहिला तर दोष जनरेटरचा, ऑफसेट शून्य करा. दुसऱ्या अर्ध्यावर उडी मारली तर असमानता सेलच्या आत आहे, दोन पृष्ठभाग सारखे नाहीत.

डिटेक्टर

फोटोडायोड लाल प्रकाशात मिलिवॅटमागे साधारण ०.४ मिलिअँपिअर देतो. त्याला ९ व्होल्टच्या बॅटरीने उलटा बायस द्या आणि भाररोध १० किलोओम ठेवा. पूर्ण प्रकाशात ४ व्होल्ट मिळतात, बॅटरीच्या आत, म्हणजे ठीक.

नवशिका भाररोध विसरून डायोड थेट ऑसिलोस्कोपला जोडतो. ऑसिलोस्कोपचा स्वतःचा रोध १ मेगाओम; नऊ मायक्रोअँपिअरलाच ९ व्होल्ट होतात आणि आलेखाचं डोकं सपाट कापलं जातं. मग तो काळसर फिल्टर लावून प्रकाश कमी करतो, डोकं परत येतं, आणि तो खूश. पण मीटरभर केबलचे १०० पीकोफॅरड, डायोडचे आणि ऑसिलोस्कोपचे मिळून आणखी तेवढेच. १ मेगाओमशी गुणून ०.२ मिलिसेकंदांचा आळस तयार होतो. दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतचा काळ याच्या २.२ पट, म्हणजे ०.४४ मिलिसेकंद. आपल्या सेलला ८ व्होल्ट दिले तर उठण्याचा काळ ०.३२ मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे मोजलेला आकडा डिटेक्टरचाच. १० किलोओमवर हाच आळस २ मायक्रोसेकंद होतो आणि विषय संपतो.

खात्रीसाठी सेलच्या जागी एलईडी ठेवून त्याला चौकोनी तरंग द्या आणि डिटेक्टर किती झटपट उठतो ते पाहून लिहून ठेवा. सेलचा काळ याच्या दहापट तरी असावा. पुढे कधी फेरोइलेक्ट्रिक स्मेक्टिककडे (थरांत रचलेल्या, स्वतःचं विद्युत ध्रुवीकरण असलेल्या द्रवस्फटिकांकडे) वळलात तर हा नियम जास्तच जाचेल. १९८० मध्ये क्लार्क आणि लागरवाल यांनी दाखवलेलं पातळ सेलमधलं त्यांचं स्विचिंग मायक्रोसेकंदांत होतं, आणि ते व्होल्टेजचं चिन्हही ओळखतं. तिथे वरची अर्धी पद्धत बदलावी लागते.

ऑसिलोस्कोपचं कपलिंग डीसीवर ठेवा. एसी कपलिंगमध्ये काही हर्ट्झच्या खालचं सगळं गाळलं जातं, आणि अर्धा सेकंद स्थिर राहायला हवी ती पातळी घसरगुंडीसारखी उतरताना दिसते. हे पाहून ‘आयनांचा परिणाम’ असं वहीत लिहिलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा वाचलंय.

पहिला आलेख: व्होल्टेजविरुद्ध प्रकाश

झुबके बंद, तरंग सतत. ० पासून ०.६ व्होल्टपर्यंत काही होणार नाही, भराभर जा. ०.६ ते १.२ या पट्ट्यात ०.०२ व्होल्टच्या पायऱ्या घ्या. तिथून ३ पर्यंत ०.१ च्या, पुढे १० पर्यंत ०.५ च्या पुरतात.

उंबरठ्याजवळ घाई करू नका. उठण्याच्या सूत्रातला छेद तिथे शून्याकडे जातो. उंबरठ्याच्या ५ टक्के वर उठण्याचा काळ ३०० मिलिसेकंदांच्या वर जातो, १ टक्का वर १.६ सेकंद. तो स्थिरावायला त्याच्या चार-पाच पट वेळ द्यायला हवा. संगणकाला ‘दर ०.२ सेकंदाला पुढची पायरी’ सांगून चहाला गेलात तर उंबरठा खऱ्यापेक्षा वर सरकलेला मिळेल, आणि परतीच्या फेरीत वेगळाच. म्हणून चढत्या आणि उतरत्या दोन्ही फेऱ्या घ्या. त्या एकमेकींवर बसल्या तर वाट पुरेशी पाहिली. बसल्या नाहीत तर थांबण्याचा वेळ वाढवा, किंवा तापमान सरकतंय का ते पाहा.

आलेखाचा आकार आधी काढलेल्या १.४ वरून ओळखता येतो. सुरुवातीला प्रकाश जवळजवळ शिखराशी, नव्वदीच्या पुढे. उंबरठा ओलांडल्यावर घसरतो आणि फरक १ तरंगलांबीवर आला की अंधार. मग पुन्हा चढतो, अर्ध्या तरंगलांबीला शिखर. त्यानंतर लांबलचक उतार, शून्याकडे पण शून्याला न टेकणारा, कारण काचांना चिकटलेले रेणू १० व्होल्टलाही पूर्ण उभे राहत नाहीत. एक दरी, एक शिखर, एक शेपटी. दऱ्या जास्त दिसल्या तर सेल सांगितल्यापेक्षा जाड आहे. दरी तळाला टेकत नसेल तर पोलरायझर बरोबर काटकोनात नाहीत, किंवा ठिपका मोठा असून त्यात जाडी बदलते आहे.

उंबरठा थेट प्रकाशाच्या आलेखावरून काढू नका, फेजवर या, म्हणजे दोन ध्रुवीकरणांमधला तोच फरक कोनात मोजा. सामान्यीकृत प्रकाश हा निम्म्या फेजच्या साइनचा वर्ग असतो. उलट गणित करून फेज काढायची, आणि प्रत्येक शिखर-दरीला फांदी बदलायची, म्हणजे उलट साइनच्या अनेक उत्तरांपैकी पुढचं घ्यायचं. मोजणी शेपटीकडून सुरू करा, तिथे फेज शून्याजवळ असल्याची खात्री असते. फेजविरुद्ध व्होल्टेज काढलं की आधी आडवी रेघ, मग जवळजवळ सरळ उतार. दोन्ही रेघा वाढवून जिथे छेदतात तो उंबरठा. कोपरा तीक्ष्ण नसून गोलसर दिसेल. घासलेल्या पृष्ठभागावर रेणू आधीच अंशभर-दोन अंश उचललेले असतात, त्याचा तो परिणाम.

उत्तर ०.७५ ते ०.८५ मध्ये आलं तर पुढे चला. ०.४ आलं तर मेनूचं तिसरं पान.

वेळ मोजताना

झुबके चालू करा, ऑसिलोस्कोपचा ट्रिगर झुबक्याच्या सिंक सिग्नलवर ठेवा, १ किलोहर्ट्झच्या तरंगावर नको. ६४ झुबक्यांची सरासरी घ्या; गोंगाट आठव्या भागावर येतो.

सगळीकडे ‘दहा ते नव्वद टक्के’ असा काळ देतात. ही व्याख्या प्रकाशाची आहे, रेणूंची नव्हे. आपल्या सेलमध्ये ० वरून ८ व्होल्टवर उडी मारली तर प्रकाश खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. यातले दहा टक्के कुठले आणि नव्वद कुठले? ऑसिलोस्कोपचं तयार बटण दाबलं तर तो काहीतरी आकडा देतोच, आणि तो आकडा निरर्थक असतो. दोन मार्ग आहेत. एक तर अशी दोन व्होल्टेजं निवडा की त्यांच्यामध्ये फक्त एकच उतार येतो, म्हणजे आलेखातल्या दरीपासून शिखरापर्यंत. नाहीतर संपूर्ण फेज उलगडा आणि तिच्यावर काम करा. मी दुसरा पसंत करतो.

बसण्याचा काळ काढायला सुरुवातीचं व्होल्टेज उंबरठ्याच्या थोडंच वर ठेवा, कारण साधी सूत्रं रेणू थोडेसेच वाकलेले असताना खरी ठरतात. व्होल्टेज शून्य झाल्यावरची फेज अखेरच्या फेजमधून वजा करा आणि फरकाचा लॉगॅरिदम काळाविरुद्ध काढा. सरळ रेघ येते. तिच्या उतारावरून १६ मिलिसेकंद मिळाले तर घाबरू नका. फेज रेणूंच्या कोनाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती कोनाच्या दुप्पट वेगाने विरते. १६ ची दुप्पट ३२, जो कागदावर होता.

हे सगळं चालू असताना तापमापक सेलच्या काचेला टेकलेला असू द्या. हॉट स्टेजच्या, म्हणजे सेल गरम ठेवणाऱ्या बैठकीच्या, ठोकळ्याचं तापमान वेगळं असतं. ३५ अंशांच्या जवळ जाल तसं दुहेरी अपवर्तन, लवचीकता, श्यानता सगळंच वेगाने बदलतं. आणि खोली गार असेल तर ५सीबी कधी गोठेल याचा नेम नाही. बरेचदा ते गोठणबिंदूच्या खालीही द्रव राहतं आणि मोजणीच्या मध्यात अचानक सेलभर पांढरे तुरे उमटतात. ३८ अंशांपर्यंत तापवून परत आणलं की बहुधा पूर्ववत होतं.

९० अंश पिळाचा सेल घेतलात, म्हणजे १९७१ मध्ये शाड्ट आणि हेलफ्रिच यांनी प्रसिद्ध केलेला आणि पुढे घड्याळांपासून गणकयंत्रांपर्यंत सगळीकडे गेलेला प्रकार, तर आणखी एक गंमत दिसेल. मोठं व्होल्टेज एकदम काढलं की प्रकाश परत येता येता मध्येच अडखळतो, थोडा मागे जातो, आणि मग पूर्ण परततो. पहिल्यांदा पाहणारा संपर्क सुटला म्हणून तारा हलवत बसतो. ही उसळी खरी आहे. बसताना रेणू आसपासच्या द्रवाला वाहायला लावतात, आणि तो प्रवाह मधल्या रेणूंना क्षणभर उलट्या बाजूला ढकलतो. १९७५ मध्ये व्हॅन डोर्न आणि बेरेमन यांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. अशा सेलमध्ये व्होल्टेज दिल्यावर प्रकाश कमी होतो, त्यामुळे ‘राइज टाइम’ हा शब्द रेणूंसाठी वापरला की प्रकाशासाठी, ते वहीत स्पष्ट लिहा. महिन्याभराने स्वतःलाच आठवत नाही.

दोन जाड्यांची कसोटी

उंबरठा आणि काळ दोन्ही कागदाशी जुळले तरी एक काम उरतं, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. त्याच बाटलीतलं ५सीबी १० मायक्रॉनच्या सेलमध्ये भरा आणि सगळं पुन्हा करा. उंबरठा हलता कामा नये, तोच ०.८. काळ चौपट व्हायला हवा, १२७ मिलिसेकंदांच्या आसपास, त्यामुळे झुबक्याचा बंद काळ वाढवून सेकंदभर करा. आलेखात सुरुवातीचा फरक आता २.८ तरंगलांब्यांचा असेल, दोन दऱ्या दिसतील.

उंबरठा जाडीबरोबर बदलला तर टोकांवरचं व्होल्टेज सेलपर्यंत पूर्ण पोचत नाही. आयटीओचा संपर्क आणि आयन तपासा. काळ चौपट न होता तिप्पट झाला तर पातळ सेलच्या आकड्यात कुठलातरी आळस मिसळलेला आहे, बहुतेक वेळा तो १० मेगाओमचा प्रोब. तो काढून ५ मायक्रॉनचा सेल परत लावा आणि मोजणी पहिल्यापासून करा.